फेस आला म्हणजे जंतू मेले का? कुत्र्याच्या एका जखमेवरून सुचलेला इतिहास

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. मी घरी पोचले त्याच संध्याकाळी आमचा शेरू मागच्या शेताच्या काटेरी तारेखालून घुसला आणि पुढच्या डाव्या पायावर इंचभर चीर घेऊन परत आला. जखम खोल नव्हती, वरची कातडी फाटली होती. स्वच्छ फडकं दाबून धरलं तसं पाचेक मिनिटांत रक्तही थांबलं. खरी गडबड त्यानंतर ओसरीवर सुरू झाली.

आई म्हणाली, "हळद दाब गं, तिसऱ्या दिवशी विसरून जाईल तो."

शेजारचे काका म्हणाले, "काही लावू नकोस बाळा. कुत्र्याच्या जिभेतच औषध असतं. चाटून चाटून बरं करतंय ते."

आणि मी? मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणारी. मी दोघांकडे बघून हसले, मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली आणली आणि जखमेवर ओतली. पांढराशुभ्र फेस आला. "बघा, जंतू मरतायत," मी ऐटीत सांगितलं. पुढचे चार दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ हाच कार्यक्रम.

पाचव्या दिवशी जखमेच्या कडा पांढुरक्या, भिजल्यासारख्या दिसत होत्या आणि चीर पहिल्या दिवसापेक्षा रुंद वाटत होती. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "रोज काय लावता?" मी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "जंतू मरत असतीलही. पण नवी कातडी यायला बघतेय, तिलाही तुम्ही रोज तीनदा जाळताय. आता नुसतं सलाईनने धुवा." आणि शेरूच्या गळ्यात प्लॅस्टिकचा कोन अडकवला. दहा दिवसांत जखम भरली.

ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली. तिच्यात एक मोठी चूक आहे, आणि ती पेरॉक्साईड लावण्याची नाही. ती शेवटी सांगते. आधी मागे जाऊ या, कारण ओसरीवरच्या आम्हा तिघांच्याही मतांना मोठा इतिहास आहे. संशोधनाच्या वाटेला लागणाऱ्यांना त्या इतिहासातून एक प्रश्न उचलता येईल: एखादी गोष्ट "काम करते" असं कुणी म्हणालं, तर त्याने नेमकं काय मोजलं होतं?

गटाराच्या पाण्यापासून जखमेपर्यंत

जखमेवर जंतुनाशक लावायचं ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली कल्पना फार जुनी नाही. १८६० च्या दशकात ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीमध्ये जोसेफ लिस्टर हे शल्यविशारद होते. त्या काळी हाड मोडून कातडीबाहेर आलं की बहुतेक वेळा पाय कापावा लागे, नाहीतर रोगी सडून मरे. लिस्टर यांनी लुई पाश्चर यांचं किण्वनावरचं काम वाचलं होतं. दूध नासतं ते जंतूंमुळे, तर मग जखमही जंतूंमुळेच नासत असेल, हा त्यांचा तर्क.

जंतू मारायला वापरायचं काय? इंग्लंडमधल्या कार्लाईल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, टाकत असत. तसं पाणी सोडलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांचा एक आजारही कमी झाला, असं लिस्टर यांच्या वाचनात आलं. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस नावाचा ११ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पाय वाचला. १८६७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचे लेख आले आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं.

हे यश खरंच होतं. लिस्टर यांनी मोजलं तेही योग्यच होतं: किती रोगी जगले, किती पाय वाचले. गडबड नंतर झाली. "जंतू मारले की जखम भरते" हे वाक्य इतकं सोयीचं होतं की हळूहळू लोक फक्त पहिला अर्धा भाग मोजायला लागले. औषधाने जंतू मरतात ना? मग झालं. जखम भरण्याचा वेग, नव्या पेशींची अवस्था, हे बघायची गरज वाटेनाशी झाली.

लिस्टर स्वतः मात्र बदलत राहिले. शस्त्रक्रियेच्या खोलीभर कार्बोलिकचा फवारा मारायची पद्धत त्यांनीच काढली होती. पुढे ती त्यांनीच सोडली, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत, आपण कधीकाळी हा फवारा सुचवला याची लाज वाटते, असंही सांगितलं. आपली पद्धत जगभर गाजलेली असताना हे म्हणायला छाती लागते.

फ्लेमिंग यांची काचेची जखम

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून येणाऱ्या जखमा वेगळ्याच होत्या. शेणखत घातलेल्या शेतातली माती, कपड्यांच्या चिंध्या आणि तोफगोळ्याचे तुकडे, सगळं एकत्र मांसात घुसलेलं. सर्जन त्यात जंतुनाशकं ओतत होते आणि तरी सैनिक मरत होते. बूलोन्य इथल्या एका कॅसिनोचं इस्पितळ केलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर काम करत होता: अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिन अजून तेरा-चौदा वर्षं दूर होतं.

फ्लेमिंग यांनी एक साधी युक्ती केली. काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतीतून टोकदार पोकळ काटे बाहेर ओढले. ही झाली वेड्यावाकड्या कोपऱ्यांची 'कृत्रिम जखम'. तिच्यात जंतू असलेला रक्तद्रव भरला, ओतून टाकला, मग जंतुनाशक भरलं, तेही ओतलं आणि शेवटी ताजा, निर्जंतुक रक्तद्रव भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जंतूंनी गच्च! काट्यांच्या टोकाशी जंतुनाशक पोचलंच नव्हतं. वर त्यांनी हेही दाखवलं की ही रसायनं जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मारतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं सैन्य आधी कापलं जातं.

राइट आणि फ्लेमिंग यांचं म्हणणं होतं की मिठाच्या पाण्याने धुवा आणि शरीराला त्याचं काम करू द्या. त्याच काळात अलेक्सी कारेल आणि हेन्री डेकिन हे सोडियम हायपोक्लोराइटचं अर्धा टक्का द्रावण नळ्यांनी सतत जखमेत सोडत होते आणि त्यांचेही रुग्ण बरे होत होते. म्हणजे वाद एकतर्फी नव्हता. पण कारेल पद्धतीत मेलेलं मांस आधी नीट कापून काढत आणि नंतर जखम सारखी धुतली जाई. मग फायदा रसायनाचा, की कापण्याचा आणि धुण्याचा? तीन गोष्टी एकदम केल्या की श्रेय कुणाला द्यायचं? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेरूकडे परत येताना लागणार आहे.

माझी बाटली आणि कॅटालेज

आता पेरॉक्साईडकडे येते, आणि जरा लाजतच येते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या काही प्रात्यक्षिकांत एक चाचणी असते. काचपट्टीवर जंतूंची वसाहत घ्यायची, वर पेरॉक्साईडचा थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर त्या जंतूकडे कॅटालेज नावाचं विकर आहे, आणि ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. स्टॅफिलोकॉकसला बुडबुडे येतात, स्ट्रेप्टोकॉकसला येत नाहीत. ही चाचणी मी शेकडो वेळा केलीय. म्हणजे बुडबुडे हे जंतूने पेरॉक्साईडचा निकाल लावल्याचं लक्षण आहे, जंतू मेल्याचं नाही! शिवाय रक्तात आणि फाटलेल्या पेशींत कॅटालेज भरपूर असतं, त्यामुळे एकही जंतू नसला तरी ताज्या जखमेवर फेस येणारच. लॅबमध्ये मला हे ठाऊक होतं. ओसरीवर आल्यावर मी ते विसरले, कारण फेस दिसायला फार समाधानकारक असतो.

१९८५ मध्ये लाइनवीव्हर आणि सहकाऱ्यांनी 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'मध्ये एक पेपर छापला. जखमेत नवी ऊती विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. मानवी फायब्रोब्लास्टवर त्यांनी चार नेहमीची द्रावणं घातली: १ टक्का पोव्हिडोन आयोडीन, ०.२५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. चौघांनीही पेशी मारल्या. मग त्यांनी द्रावणं पातळ करत नेली. आयोडीन आणि हायपोक्लोराइट यांची अशी पातळ प्रमाणं सापडली की जंतू मरतात आणि पेशी वाचतात. पेरॉक्साईडचं असं प्रमाण सापडलं नाही. पेशी वाचतील इतकं पातळ केलं की ते जंतूही मारत नव्हतं.

आयोडीनबद्दल एक गंमत. १९८२ मध्येच बर्कलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पोव्हिडोन आयोडीन पातळ केल्यावर जास्त वेगाने जंतू मारतं. बाटलीतल्या घट्ट द्रावणात आयोडीन पोव्हिडोनच्या रेणूला धरून बसलेलं असतं, पाणी घातलं की ते मोकळं होतं. "कडक औषध म्हणजे जोरदार औषध" हा आपला समज इथे सपशेल उलटा पडतो.

डिशमधल्या पेशी आणि चालणारं कुत्रं

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठरलं तर मग, जंतुनाशकं वाईट. थांबा.

१९८८ मध्ये पशुवैद्यकीय शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात कुत्र्यांवरचे दोन अभ्यास आले, एकाच गटाचे. पहिल्यात क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन आयोडीन कुत्र्याच्या फायब्रोब्लास्टवर डिशमध्ये घातलं. जंतू मारणारं प्रमाण पेशींनाही मारत होतं, आणि पेशी वाचवणाऱ्या प्रमाणात जंतूही वाचत होते. एवढंच वाचलं असतं तर क्लोरहेक्सिडीन कायमचं बाद. दुसऱ्या अभ्यासात तेच ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडीन जिवंत कुत्र्यांच्या जखमांवर वापरलं, आणि जखमा भरण्यात काहीही अडथळा आला नाही. कारण शोधणं अवघड नाही. डिशमधल्या पेशी द्रावणात बुडून असतात, त्यांना ना रक्तपुरवठा, ना द्रावण पातळ करणारा स्राव. जखमेत पेशींचा एक थर मेला तरी खालून दुसरा येतो.

म्हणून आज पशुवैद्यकात ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडीन जखम धुण्यासाठी सर्रास वापरतात. डिशमधला निकाल खोटा नव्हता, त्याने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

हाच खेळ साध्या पाण्याच्या बाबतीतही झालाय. १८८२ मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचा प्रयोग करत होते. हृदय छान चाललं, पेपरही छापला. मग लक्षात आलं की द्रावण शुद्ध पाण्याऐवजी न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात बनवलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय लवकर थकलं, कारण नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम गेलं. १८८३ मध्ये रिंगर यांनी आपली चूक छापून कबूल केली, आणि त्या चुकीतूनच रिंगर द्रावण जन्मलं. १९३० च्या दशकात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. आज दवाखान्यात 'आरएल'ची बाटली लटकवतात ती हीच.

आता १९९७. बफा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या फायब्रोब्लास्टवर धुण्याची द्रावणं तपासली. आरएलने पेशींना इजा केली नाही. साध्या सलाईनने थोडी केली. नळाच्या पाण्याने बरीच केली. म्हणजे नळाचं पाणी बाद? पण त्याआधीच, १९९२ मध्ये, स्वीडनमध्ये सुमारे सातशे रुग्णांच्या ताज्या जखमा नळाच्या पाण्याने किंवा निर्जंतुक सलाईनने धुवून बघितल्या होत्या. नळाच्या पाण्याच्या गटात संसर्ग ५.४ टक्के, सलाईनच्या गटात १०.३ टक्के. पुढे कॉक्रेनच्या आढाव्यांतही, पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने संसर्ग वाढतो असं दिसलं नाही. धुताना माती, केस आणि जंतू वाहून जातात, हा फायदा पेशींना होणाऱ्या किरकोळ इजेपेक्षा मोठा ठरतो. अर्थात हा अभ्यास स्वीडनच्या नळावर आणि माणसांवर झालेला आहे. आपल्याकडच्या टाकीतलं पाणी आणि कुत्र्याची जखम यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून उकळून गार केलेलं पाणी हा आपल्यासाठी सुज्ञ मधला मार्ग.

काकांची जीभ, आईची हळद

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं होतं. पण १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हार्ट आणि पॉवेल यांनी नेमकं हेच तपासलं. कुत्र्याच्या लाळेने ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस कॅनिस मरतात, असं त्यांना दिसलं. हे दोन्ही नवजात पिल्लांना आजारी पाडणारे जंतू, म्हणजे आईने पिल्लाला आणि स्वतःला चाटण्यात अर्थ आहे. काका अगदीच चुकीचे नव्हते!

पण त्याच अभ्यासात स्टॅफिलोकॉकसवर लाळेचा परिणाम नगण्य होता. आणि कुत्र्याच्या त्वचेच्या संसर्गात सर्वांत जास्त सापडतो तो स्टॅफिलोकॉकसच. शिवाय या प्रयोगात लाळ होती, जीभ नव्हती. कुत्र्याची जीभ खरखरीत असते आणि तो पन्नास-शंभर वेळा तिथेच घासतो. नव्याने धरलेली नाजूक ऊती खरवडून निघते, जखम सतत ओली राहते. लाळेतला गुण आणि चाटण्याचं नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

आईच्या हळदीची गोष्ट तर थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापर्यंत गेलेली आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. सीएसआयआरने ३२ संदर्भ सादर केले, त्यात संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले. आपल्याकडे याला 'हळदीघाटीची लढाई' म्हणतात आणि ते योग्यच आहे.

पण त्या खटल्यात काय सिद्ध झालं? हळद जखमेवर लावणं ही नवी कल्पना नाही, एवढंच. हळदीने जखम लवकर भरते की नाही, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. मी कितीतरी भाषणांत ऐकलंय, "अमेरिकेनेही मान्य केलं की हळद गुणकारी आहे." नाही, अमेरिकेने मान्य केलं की आपल्याला ते आधीपासून माहीत होतं. आधीपासून माहीत असणं आणि तपासून सिद्ध झालेलं असणं, यातला फरक संशोधन करणाऱ्याला कळलाच पाहिजे. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालंय. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, कधी भेसळीचीही असते, आणि तिचा घट्ट थर बसला की खाली पू धरतोय का, तेच दिसत नाही. आईला मी एवढंच म्हणाले, "हळद दुधात घालू या. जखमेवर नको."

मग घरी करायचं काय

एवढा इतिहास वाचल्यावर हातात काहीतरी हवंच. ही पद्धत फक्त वरवरच्या, छोट्या चिरांसाठी आणि खरचटण्यासाठी आहे.

आधी कुत्र्याचं तोंड सांभाळा. दुखलं की घरचं कुत्रंही चावतं, म्हणून मुसकं बांधा किंवा मऊ पट्टीने तोंड सैलसर बांधा आणि एकाला धरायला सांगा. धाप लागली असेल किंवा उलटीसारखं होत असेल तर तोंड बांधू नका. हात साबणाने धुवा, हातमोजे असतील तर घाला. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं पाच ते दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. सारखं उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते.

मग जखमेच्या कडेचे केस कापा. धुण्यासाठी मेडिकलमधलं सलाईन उत्तम. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने जखमेवर धार मारा, माती निघेपर्यंत. चोळू नका.

जंतुनाशक हवंच असेल तर पातळ करून. क्लोरहेक्सिडीनचं २ टक्के साधं द्रावण असेल तर एक भाग औषध आणि ३९ भाग पाणी, म्हणजे ०.०५ टक्के. हे डोळ्यांजवळ आणि कानात अजिबात नको. बाटलीवर सेट्रिमाइड किंवा स्क्रब असं लिहिलं असेल तर ते वेगळं औषध आहे, ते घेऊ नका. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्या, बिनदुधाच्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. पेरॉक्साईड, स्पिरिट, फिनाईल, रॉकेल आणि घट्ट डेटॉल, सगळं बाजूला ठेवा. माणसांची मलमं कुत्रा चाटून पोटात घेतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

नंतर चाटू देऊ नका, गळ्यात कोन घाला. दिवसातून एक-दोनदा धुवा, कोरडं टिपा आणि बघा.

रक्त दहा मिनिटांत थांबलं नाही, जखम आ वासून उघडी असेल किंवा खोल असेल, छाती, पोट, डोळा किंवा सांध्याजवळ असेल, सूज, पू, दुर्गंधी किंवा आळ्या दिसल्या, कुत्रा लंगडायला लागला किंवा खाईना, तर घरचे प्रयोग बंद आणि दवाखाना. दुसऱ्या प्राण्याने चावल्याची जखम वरून टिचभर दिसली तरी आत खोल असते आणि रेबीजचा प्रश्न असतो. हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. या सगळ्यात तुम्हाला चावा बसला किंवा ओरखड्यावर लाळ लागली, तर तुमची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

आता माझी चूक

शेरूची गोष्ट मी आमच्या विभागातल्या एका छोट्या सेमिनारमध्ये सांगितली होती. "पेरॉक्साईड थांबवलं आणि जखम भरली," असा माझा ठसक्यात शेवट. मागच्या बाकावरून एम.एस्सी.च्या एका मुलीने विचारलं, "ताई, कोनही त्याच दिवशी घातला ना?"

मी गप्प. खरंच, मॅडमनी एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या: पेरॉक्साईड बंद आणि चाटणं बंद. त्याआधीचे चार दिवस शेरू रात्रभर जखम चाटत होता, हे मला माहीत होतं. मग जखम कशामुळे रखडली होती? पेरॉक्साईडमुळे, चाटण्यामुळे, दोन्हींमुळे, की पाच दिवसांनी ती तशीही भरायला लागणारच होती? एकच कुत्रा, एकच जखम, तुलनेला काही नाही. मला सांगता येत नाही आणि आता कधीच येणार नाही.

काका म्हणायचे, चाटलं आणि बरं झालं. आई म्हणायची, हळद लावली आणि बरं झालं. मी म्हणत होते, पेरॉक्साईड सोडलं आणि बरं झालं. तिघांचं वाक्य एकाच साच्यातलं. माझ्या वाक्याला फक्त पीएचडीचं वजन होतं. पेरॉक्साईड आजही मी वापरणार नाही, पण त्याचं कारण लाइनवीव्हर यांचा पेपर आणि कॅटालेज आहे, शेरू नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी, मी धरून, सांगितलं की अमुक केल्याने तमुक झालं, तर त्या मुलीसारखं मागच्या बाकावरून विचारा: काय मोजलं, कशावर मोजलं, आणि त्याच दिवशी आणखी काय बदललं? माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला एक प्रयोग त्या प्रश्नामुळे मला परत करावा लागला. सहा महिने गेले. करावा लागला ते बरंच झालं.

शेरू मजेत आहे. तार मात्र बाबांनी अजून दुरुस्त केलेली नाही.